उद्यापन नसलेले व्रत

परीक्षणाच्या या पानांवर आजवर ग्रंथ आले, नाट्यप्रयोग आले, क्वचित् एखाद्या देवस्थानच्या जुन्या चौकातील भित्तिचित्रांवरही चार शब्द आले. या खेपेस आम्ही जी वस्तू परीक्षणास घेतली आहे ती यांपैकी कशातच बसत नाही. ती खिशात राहते, दिवसातून सात-आठ वेळा आपण होऊन बोलते, आपल्या ताटात काय आहे ते विचारते, आपली पावले मोजते आणि निजण्यापूर्वी दिवसाचा हिशेब मागते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मोबाइलवर मिळणारा हा मार्गदर्शक आहे. त्याला सगळे ‘कोच’ म्हणतात, तेव्हा आम्हीही तोच शब्द ठेवतो. अशा वस्तूचे परीक्षण साहित्याच्या पानांवर कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की, या यंत्रांनी पाठविलेले दोन-दोन ओळींचे संदेश हेही आज मराठी गद्यच आहे, आणि आपल्या घरांतून कादंबऱ्यांपेक्षा तेच अधिक वेळा वाचले जात असावे असा आमचा समज आहे. माणसाने काय खावे, किती खावे आणि खाल्ल्यावर स्वतःविषयी काय वाटून घ्यावे हे जे गद्य सांगू पाहते, त्याची पारख टीकाकाराने करावयाची नाही तर कोणी?

या यंत्राच्या वाटेला आम्ही हौसेने गेलो नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर रक्ततपासणीचा कागद हाती आला, त्यात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ होता. आमचे वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “वकीलसाहेब, निकाल अजून लागलेला नाही, पण आता पुढची तारीख मागू नका.” आमच्या वडिलांच्या उजव्या पायाचा अंगठा याच रोगाने गेला आणि त्यामागोमाग त्यांचे देवळात प्रदक्षिणा घालणेही गेले, त्यामुळे डॉक्टरांचे ते वाक्य आम्हांस घरी पोचेपर्यंत पुरले. आम्ही काही एकटे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली तीत मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत अधिक आढळले ते गोव्यात, शेकडा २६.४. देवस्थानच्या सभेस बसलेल्या महाजनांकडे आम्ही तेव्हापासून चाराने भागून पाहतो. वाईट खोड आहे, पण जात नाही.

पुण्याहून आलेल्या मेहुण्यांनी आमच्या मोबाइलवर एक ॲप घालून दिले. बारा आठवड्यांची वर्गणी होती. त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही. आमची तक्रार एका दुकानाशी नसून सगळ्या पेठेशी आहे.

प्रथम जमेची बाजू लिहितो, कारण ती खरी आहे. पहिल्या पंधरवड्यात आम्ही जे जे तोंडात टाकले ते ते नोंदविले, आणि वीस वर्षांच्या वकिलीत कोणत्याही साक्षीदाराने केला नसेल असा आमचा पाणउतारा त्या नोंदींनी केला. आमची समजूत होती की आम्ही गोड खात नाही. कोर्टाच्या आवारात दिवसाचे चार चहा होत, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे रोज आठ चमचे. पक्षकार आणतात ती भजी आम्ही ‘खात’ नव्हतो, केवळ ‘घेत’ होतो. व्यापाऱ्याची रोजकीर्द त्याला जे शिकविते तेच ही वही शिकविते: पैसा कोठे जातो हे लिहिल्याखेरीज कळत नाही. वजन उतरविण्याच्या शास्त्रात स्वतःची नोंद स्वतः ठेवण्याला जे मोल दिले जाते ते आम्हांस अनुभवाने पटले. बारा आठवड्यांत आमचे वजन साडेतीन किलोंनी उतरले. तेव्हा पुढील मजकूर हरलेल्या पक्षकाराची कुरकुर म्हणून वाचू नये.

आता त्याचे गद्य. ॲपला भाषा निवडता येते; आम्ही मराठी निवडली. “अभिनंदन! आपण आपले पाणी ध्येय गाठले आहे.” “चला, एक निरोगी निवड करूया!” “आपला दिवस कसा जात आहे? आपल्या भावना नोंदवा.” व्याकरणाची चूक यांत कदाचित् निघणार नाही, परंतु असे मराठी कोणी आईच्या तोंडून, मास्तरांच्या तोंडून किंवा वैद्याच्या तोंडून कधी ऐकले आहे काय? हे बोलणे कोणाचेच नाही. त्याला वय नाही, नाते नाही. आमच्या भाषेत जेवणाविषयी बोलणारा माणूस नेहमी कोणीतरी असतो: आग्रह करणारी वहिनी असते, पथ्य सांगणारा वैद्य असतो, “आता पुरे” म्हणणारी म्हातारी असते. या यंत्राचा आवाज आग्रही आहे, पण आग्रह करण्याचा अधिकार देणारे नाते त्याच्यापाशी नाही.

याहून गंभीर एक शब्द आहे. आमच्या गावच्या जत्रेच्या दिवशी महाप्रसादास बसण्यापूर्वी आम्ही प्रामाणिकपणे ॲपला कळविले की आज पंगत आहे. त्यावर यंत्राने मोठ्या उदारपणे विचारले, “आजचा दिवस फसवणुकीचा दिवस म्हणून नोंदवायचा का?” इंग्रजी बोलणाऱ्यांत आठवड्यातून एक दिवस पथ्य मोडण्याला जो शब्द आहे त्याचे हे शब्दशः भाषांतर. आता, फसवणूक म्हणजे काय ते भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात सांगितले आहे, आणि केळीच्या पानावर वाढलेला भात व खतखते त्या व्याख्येत कोठेही बसत नाही. विनोद बाजूस ठेवू. पथ्याच्या आड येणारे प्रत्येक जेवण हा गुन्हा, आणि गुन्ह्याला ठराविक दिवशी माफी, ही नीती आमच्या भाषेत त्या एका शब्दाबरोबर आली आहे. आपल्याकडे उपवासाचा दिवस असतो आणि पारण्याचाही दिवस असतो. पारणे म्हणजे व्रताची चोरी नव्हे, ते व्रताचाच भाग आहे. ज्या भाषेत हा भेद इतका स्पष्ट आहे तीत ‘फसवणूक’ हा शब्द घालताना भाषांतरकाराने क्षणभर थांबावयास हवे होते. बहुधा तेथे थांबणारा माणूसच नव्हता.

त्याच पंगतीतील दुसरा प्रसंग. पानावर उकड्या तांदळाचा भात, वरण, खतखते, तोंडाक, सोलकढी आणि मणगणे. यंत्राच्या यादीत आम्ही ‘खतखते’ शोधले, नव्हते. मणगणे नव्हते. तोंडाक नव्हते. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी खतखत्याला ‘मिश्र भाजी’ आणि मणगण्याला ‘खीर, इतर’ असे ठरविले, व यंत्राने तत्काळ प्रत्येकापुढे एक आकडा मांडला, तोही दशांश चिन्हासह! अंदाजाला दशांश चिन्ह जोडले की तो पुरावा होत नाही, हे कोर्टात आम्ही वारंवार सांगतो. खतखत्यात भाज्या किती, नारळ किती, तूरडाळ किती, हे प्रत्येक घरी निराळे. देवळातील आचाऱ्याचे तर आणखी निराळे. आम्ही पानाशेजारी मोबाइल ठेवून ग्रॅमचा तर्क करीत बसलेले पाहून आमच्या आई पलीकडच्या पंगतीतून म्हणाल्या, “पोटाक विचार मरे, त्या फोनाक कित्याक विचारता?” आजूबाजूची माणसे हसली. आम्हीही हसलो, पण त्या दिवशी प्रथमच आमच्या ध्यानात आले की गेले सात आठवडे भूक लागली की नाही हे आम्ही आकड्यावरून ठरवीत होतो. आकडा शिल्लक असला की भूक लागे; आकडा संपला की भूक लागूनही ती बेकायदेशीर ठरे.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर दोन आकड्यांची कुळकथा सांगणे अवश्य आहे, कारण सारे यंत्र त्यांवर उभे आहे. पहिला देहभारांक, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. आमची ती २९ होती, आणि यंत्राने आम्हांस ‘किंचित अधिक वजन’ या सौम्य वर्गात बसविले. कारण त्याच्या कोष्टकात लठ्ठपणा ३० पासून सुरू होतो. ते कोष्टक पाश्चात्त्य शरीरांसाठी आहे. भारतीय डॉक्टरांच्या मते आपल्याकडे २३ पासून वजन अधिक आणि २५ पासून लठ्ठपणा धरावयास हवा. याचे कारण एका मराठी वैद्यकतज्ज्ञाने जगाला एका छायाचित्राने पटवून दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधील स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचे ते छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. दोघांचा देहभारांक तोच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिनांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेकडा २१.२. दिसायला सडपातळ, आतून मेदाने भरलेला असा हा आपला देह. त्याची गोष्ट तागडीने कळत नाही. कंबर मोजली तर काहीशी कळते: पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रीची ८० च्या आत असावी असा आपल्याकडील दंडक आहे. आमच्या कोचने बारा आठवड्यांत आमचा मूड एक्क्याऐंशी वेळा विचारला. कंबर एकदाही विचारली नाही. शिंप्याची टेप एवढे एकच उपकरण त्याला लागले असते.

दुसरा आकडा रोजच्या दहा हजार पावलांचा. हा आकडा वैद्यकाने शोधला असावा अशी आमची भाबडी समजूत होती. वस्तुतः तो जन्मला जपानात, १९६५ मध्ये. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झालेले, लोकांत व्यायामाची हवा. अशा वेळी यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. जाहिरातीतील नाव पुढे वेदवाक्य झाले. २०१९ मध्ये हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४४०० चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले, आणि सुमारे ७५०० च्या पुढे फायदा वाढत गेलेला दिसला नाही. गुडघे धरून देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना ही बातमी कोणी सांगितली असती तर त्या चार हजारांवर समाधानाने घरी परतल्या असत्या. यंत्र मात्र ९२०० वर आम्हांस सांगे, “जवळजवळ पोचलात! अजून थोडे!” आणि रात्री साडेदहा वाजता आम्ही ओसरीवर येरझारा घालीत असू.

असल्या साधनांचा उपयोग होतो की नाही, याविषयी पुरावा काय आहे? दोन दाखले देतो, परस्परांविरुद्ध दिसणारे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने ४७१ तरुण माणसांवर दोन वर्षांचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना आहार, व्यायाम व समुपदेशन सारखेच मिळाले. सहा महिन्यांनंतर एका गटाने आपली नोंद स्वतः ठेवावयाची, दुसऱ्या गटाला दंडावर बांधायचे हालचाल मोजणारे यंत्र. दोन वर्षांअखेर यंत्रवाल्यांचे वजन सरासरी ३.५ किलोंनी उतरले होते. यंत्राविना राहिलेल्यांचे ५.९ किलोंनी. उलट आपल्याच देशात, चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ पुरुषांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे साधन किती साधे! मोबाइलवर आहार-व्यायामाविषयी लघुसंदेश, बाकी काही नाही. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी शेकडा १८ जणांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी शेकडा २७ जणांना. म्हणून यंत्र वाईट असे आम्ही म्हणत नाही. चेन्नईच्या संदेशाने आठवण दिली आणि तो बाजूस झाला; दंडावरच्या यंत्राने बहुधा माणसाची जबाबदारीच आपल्याकडे घेतली. हे दुसरे अनुमान आमचे आहे, संशोधकांचे नव्हे.

येथवरचे सगळे एका प्रौढ माणसाच्या गैरसोयीचे होते. पुढचे तसे नाही.

आमची भाची पंधरा वर्षांची. मामाच्या मोबाइलवरचे अभिनंदनाचे फुगे पाहून तिने तेच ॲप आपल्या मोबाइलवर घेतले. वयाच्या रकान्यात तिने अठरा लिहिले. यंत्राने विश्वास ठेवला. तिने लक्ष्य म्हणून जे वजन लिहिले ते तिच्या उंचीच्या मुलीला मुळीच योग्य नव्हते. यंत्राने तेही मान्य केले. यंदाच्या भाद्रपदात चवथीला आम्ही सारे मूळ घरी जमलो. नैवेद्य झाला, पाने मांडली, आणि तिने नेवरी पानाच्या कडेला सारून ठेवली. थोरली माणसे म्हणाली, वयच असे असते. चार दिवसांनी रात्री बहिणीचा फोन आला: “दादा, ती नीट जेवत नाहीये, आणि तिचा तो फोन तिला शाबासकी देतोय.” आम्ही तो मोबाइल पाहिला. ज्या दिवशी पोरीने जवळजवळ काहीच खाल्ले नव्हते त्या दिवसापुढे हिरवा रंग होता आणि एक तारा. पुढे डॉक्टर झाले, एका समजूतदार समुपदेशक बाईंकडे जाणे झाले, आणि मुलगी आता सावरली आहे. पण तो हिरवा तारा आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. आमच्या आईला अक्षरांपेक्षा चेहरे अधिक वाचता येतात. तिने ती नेवरी पाहूनच ओळखले होते. यंत्राला आकडा दिसला, चेहरा दिसला नाही. बरे, आम्हीच ते वाण घरात आणले, हे येथे लिहून ठेवणे आमचे कर्तव्य आहे.

असे होऊ शकते हे जगाला ठाऊक नव्हते असेही नाही. अमेरिकेत वेट वॉचर्स या जुन्या कंपनीने ‘कुर्बो’ नावाचे ॲप २०१९ मध्ये मुलांसाठी आणले: आठ ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपले जेवण हिरवे, पिवळे, तांबडे असे नोंदवायचे. २०२२ मध्ये तेथील सरकारने कंपनीवर दावा लावला. आरोप असा की, तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा झाली. मूल वय वाढवून आत शिरे, पुढे खरे वय लिही, तरी दार उघडेच राही. तडजोडीत कंपनीने १५ लाख डॉलर दंड दिला, आणि जी गोष्ट आम्हां कायदेवाल्यांना अधिक महत्त्वाची वाटते ती ही की, केवळ माहिती पुसून चालले नाही. त्या माहितीवर घडविलेली गणितेही नष्ट करण्याचा आदेश झाला. चोरीच्या सोन्याचा दागिना घडविला तरी सोने चोरीचेच, हे तत्त्व तेथे मान्य झाले. तेथीलच आहारविकारग्रस्तांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये आपले ‘टेसा’ नावाचे संभाषण करणारे यंत्र मागे घेतले, कारण उपासमारीच्या विकाराने पीडलेल्यांनाच ते उष्मांक कमी करण्याचे उपाय सांगत असल्याचे उघड झाले.

आपल्याकडे कायदा नाही काय? आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये झाला. त्याच्या नवव्या कलमान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. नियम मात्र २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि मुख्य कर्तव्ये लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली. अमेरिकेत तेराव्या वर्षी मूल संपते, आपल्याकडे अठराव्या. या बाबतीत आपला कायदा अधिक कडक आहे आणि आम्हांस त्याचा अभिमान वाटतो. परंतु एका रकान्यात ‘१८’ लिहिणे ही जर पडताळणी ठरणार असेल तर कलम कागदावर राहील.

आता वर्गणी. बारा आठवडे संपले, आम्ही मनातल्या मनात कोचचे आभार मानले, आणि चौथ्या दिवशी आमच्या खात्यातून पुढील वर्षाची रक्कम गेली. नियमाप्रमाणे बँकेने चोवीस तास आधी सूचना धाडली होती. आम्ही ती वाचली नव्हती. दुसऱ्यांच्या करारातील बारीक अक्षरे वाचून पोट भरणाऱ्याची ही कथा. वर्गणी बंद करण्याचे बटण शोधण्यास आम्हांस पाऊण तास लागला. सुरू करण्याचे बटण मेहुण्यांना क्षणात सापडले होते. आमची गोष्ट राहू दे. अमेरिकेतील ‘नूम’ या वजनविषयक ॲपविरुद्ध ग्राहकांनी सामूहिक दावा केला होता; स्वस्त चाचणीचा काळ संपताच लांब मुदतीची वर्गणी आपोआप लागू होते व ती थांबविणे अवघड केलेले असते, हा त्यातील गाभा. २०२२ मध्ये त्याची तडजोड ६ कोटी २० लाख डॉलरांना झाली, त्यांतील ५ कोटी ६० लाख रोख. तडजोड म्हणजे कबुली नव्हे, हे आम्ही जाणतो. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही २०२३ च्या नोव्हेंबरात ज्या तेरा फसव्या रचना निषिद्ध ठरविल्या त्यांत वर्गणीचा सापळा ही एक आहे.

यात केवळ पैशाचा प्रश्न असता तर आम्ही तो ग्राहक मंचापुढे नेला असता, या पानांवर आणला नसता. प्रश्न या साधनाच्या घडणीचा आहे. आमच्या घरी सोळा सोमवारांचे व्रत झालेले आम्ही पाहिले आहे. संकल्प होतो, सोळा सोमवार होतात, सतराव्या सोमवारी उद्यापन होते, आणि बाई मोकळी होते. पुढे तिचे व्रत ‘खंडित होणार आहे’ असे तिला कोणी कळवीत नाही. संकल्प, अवधी, उद्यापन ही व्रताची तीन अंगे. यांपैकी पहिले अंग या ॲपवाल्यांनी फार सुरेख उचलले आहे. लक्ष्य लिहून घेणे, तारीख ठरविणे, रोज आठवण देणे, सलग दिवसांची माळ दाखविणे, सगळे आहे. नाही ते उद्यापन. ‘आता आपल्याला माझी गरज नाही’ हे वाक्य त्या सबंध गद्यात कोठेही नाही, कारण ते लिहिले की धंदा बुडतो. यावर वैद्यकवाले म्हणतील, वजनाची काळजी ही सोळा आठवड्यांची बाब नव्हे, जन्मभराची आहे. मान्य आहे. एकादशीही जन्मभराची असते; पण ती पंचांगातून येते, करणाऱ्याच्या हातात असते, आणि चुकली तर तो पुढची धरतो. ‘स्वतःच्या वजनाचे स्वतः नियमन’ असे ज्याचे वर्णन केले जाते, त्यातील ‘स्वतः’ हा शब्द सांभाळला जातो की गहाण पडतो, याच कसोटीवर असल्या साधनाचा निकाल द्यावा असे आमचे मत आहे, आणि त्या कसोटीवर आमच्या हातचे साधन उतरत नाही.

तालमीतला वस्ताद पोराला एके दिवशी म्हणे, “आता तू नव्या पोरांना शिकव.” ज्या बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा गाजला आणि जेथून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, तेथील आमच्या वाचकांना हे सांगावयास नको. अमेरिकेतही उगम असाच होता. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जीन नायडेच या गृहिणीने काही मैत्रिणींना घरी बोलावले, आणि खाण्याविषयीची आपली लाज एकमेकींना सांगायला त्यांनी सुरुवात केली. त्यातून १९६३ मध्ये वेट वॉचर्स झाली, तीच पुढे ‘कुर्बो’वाली. २०२५ च्या मे महिन्यात तिने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. भूक मारणारी नवी इंजेक्शने हे त्याचे एक मोठे कारण. तो विषय निराळा आहे.

मराठी घरांतही याचा एक नमुना झाला आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली, दिवसातून दोनदाच व प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धती घरोघर गेली, ती पुस्तकाइतकीच व्हॉट्सॲपच्या गटांतून. ऋजुता दिवेकरांचे थोड्या-थोड्या वेळाने खाण्याचे मत त्याच्या उलट, आणि मध्यंतरी लग्नाच्या पंगतींतून यावरून दोन पक्ष पडलेले आम्ही पाहिले आहेत. त्या वादाचा निवाडा डॉक्टरांनी करावा. आम्हांस लक्षणीय वाटते ते हे की, त्या गटांत उत्तर देणारी माणसे होती, स्वतः वजन उतरविलेली, बिनवर्गणीची. यंत्र तेच, मोबाइलच. पलीकडे कोणीतरी होते.

आमच्या वाड्यावरच्या पाच जणांनी आता आपला एक गट केला आहे. पावणेसहाला निघून तळीला वळसा घालून देवळापर्यंत जायचे. जो येत नाही त्याला फोन. रविवारी वजन, महिन्याला कंबर, दोन्ही एका वहीत. आमचे वजन ७८.४ किलो आहे आणि साखरेचा आकडा ५.८ वर आला आहे. पुढची तपासणी चैत्रात. ॲप आम्ही काढून टाकले, तरी त्याचे टपाल येत राहते. परवा पहाटे संदेश आला: “आम्हांला आपली आठवण येते! आपला प्रवास पुन्हा सुरू करा.” तो पुरता वाचून होण्यापूर्वीच अंगणात मास्तरांची काठी वाजली, आणि आम्ही चपला शोधू लागलो.